प्रयागबाईची गूळतुला

अंथुर्णे गावातल्या आपल्या नवऱ्याला, जोतीरामाला, पोटभर वाढणं हे प्रयागबाईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं. गरम भाकरी ताटात पडली की तिच्यावर गूळ, गुळावर तूप, आणि ते नीट मुरेपर्यंत ती पदराने वारा घालत समोर बसून राहायची. एवढ्याने जेवण सुरू व्हायचं, संपायचं नाही. नवरा ढेकर देऊन उठला, लेक सोनबा उठला, की मग ती टोपल्यात डोकवायची. भाकरी उरली असेल तर ती तिची. नसेल तर तव्याला चिकटलेला पापुद्रा खरवडून, त्याला ठेचा लावून तिचं भागायचं. तिला कुणी उपाशी ठेवत नव्हतं, घरात खायला रगड होतं. पण बाईने वेळेवर, पानावर बसून जेवावं ही गोष्ट त्या घरात कुणाला सुचली नव्हती, आणि तिला तर मुळीच नाही.

तिचं माहेर तालुक्याच्या कोरड्या अंगाला होतं. पाटाचं पाणी म्हणजे काय हे त्या गावाने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. लहानपणी एका दुष्काळात तिचा धाकटा भाऊ आधी वाळला, मग त्याचं बोलणं थांबलं, मग तो गेला. तेव्हापासून वाळलेलं माणूस दिसलं की ती नजर फिरवायची आणि गुबगुबीत माणूस दिसलं की जीव शांत व्हायचा. यात तिचं काही चुकतंय असं सांगायला तोवर कुणी आलं नव्हतं.

जोतीराम लग्नात चांगला सडपातळ होता. विहिरीवर मोट होती, आणि पहाटेपासून बैलांबरोबर धावेच्या उतारावर मागे-पुढे करण्यात त्याचा दिवस जायचा. रात्री तो चार भाकरी खायचा आणि त्या कुठे गेल्या ते कळायचं नाही. मग त्याच्या तुकड्यापर्यंत कालव्याची चारी पोचली. पाणी आपल्या पायांनी शेतात यायला लागलं आणि जोतीरामाचे पाय थांबले. जोंधळ्याच्या जागी ऊस आला, उसामागून स्वतःचं गुऱ्हाळ आलं, घरात बारमाही गुळाच्या ढेपा रचलेल्या दिसू लागल्या. बाभळीखाली बाज टाकायची आणि पडल्या पडल्या पाण्यावर नजर ठेवायची, एवढंच काम उरलं. मोट गेली, पण मोट हाकणाऱ्याची भूक तशीच राहिली. गावात त्याला कुणी लठ्ठ म्हटलं नाही. अंगानं भरला म्हणायचे, आणि तेही मान देऊन.

आता नवसाचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या नवसाने झालं. काही वर्षांपूर्वी जोतीराम मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळला होता. घोटभर पेजसुद्धा पोटात ठरेना, गालफडं बसली, डोळे खोल गेले. प्रयागबाईला त्याच्या जागी आपला भाऊच दिसायला लागला. तिने भैरोबाच्या पायरीवर डोकं टेकून सांगितलं, ह्येंना उठून बसव, मी ह्येंच्या भारंभार गूळ तोलून तुझ्या जत्रेत वाटीन. जोतीराम उठून बसला. देवाने आपलं काम केलं, आता काम प्रयागबाईचं राहिलं.

ती त्याच चैत्रातल्या जत्रेत तुला करायला निघाली होती. पण तिची चुलतसासू धोंडाबाई आडवी आली. धोंडाबाई म्हणजे भावकीतलं सर्वांत जुनं माणूस. तिचं तोंड सुटलं की पोलीस पाटीलही वाट बदलायचे.

"अगं, त्येच्या अंगावर मास हाय का?" ती म्हणाली. "देवाला काय हाडं तोलून देतीस? हातात गुळाच्या दोन भेल्या घेऊन गेलीस तर गाव थुकंल तोंडावर. भरू दे की जरा त्येला."

हे प्रयागबाईला पटलं. देवाने एवढा मोठा माणूस परत दिला आणि आपण मात्र तो वाळलेला असताना घाईघाईने तोलून मोकळं व्हायचं, हे तिला काटा मारल्यासारखं वाटलं. म्हणून तिने त्याला भरायला घेतलं. पुढच्या वर्षी भावकीत सुतक आलं. त्याच्या पुढच्या वर्षी पटकीची साथ आली म्हणून सरकारने जत्राच बंद ठेवली. तुला लांबत गेली, जोतीराम भरत गेला. तिला वाटायला लागलं की ही देवाचीच इच्छा आहे, त्याला जास्त गूळ हवा आहे. एकदा असं वाटल्यावर मग काय, ती हात आखडता कशाला घेईल?

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी दोघं इंदापूरच्या बाजाराला गेली होती. बाजाराच्या कडेला लोकल बोर्डाचा तंबू पडला होता. आरोग्य सप्ताह चालू होता. कनातीवर डासांची, माश्यांची चित्रं, पोरांना दुधाच्या भुकटीचं दूध, आणि मधोमध माणसं तोलायचा काटा. काट्यावर फुकट चढायला मिळतंय म्हटल्यावर गर्दी झाली. कंपाउंडर दांडीवरचं वजन सरकवून मोठ्याने पौंड सांगायचा आणि लोक दाद द्यायचे. कुणाला मुळात पौंड म्हणजे किती ते ठाऊक नव्हतं, पण जास्त म्हणजे चांगलं एवढं ठाऊक होतं.

जोतीराम चढला तेव्हा कंपाउंडरला दांडीवरचं वजन पार टोकापर्यंत न्यावं लागलं. त्याने आकडा सांगितला आणि तंबूत टाळ्या पडल्या. कळंबच्या एका ओळखीच्या बागायतदाराने तर त्याच्या पाठीवर थाप मारली. प्रयागबाईने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. तिला तो आकडा कुणी न सांगता पाठ झाला, कारण तो नुसता आकडा नव्हता, देवाचा गूळ होता.

"मालक, तुम्ही जरा थांबता का?" आतून डॉक्टर म्हणाले.

जोतीरामाला वाटलं, बक्षीस आहे. डॉक्टरांनी त्याच्या हातात बाटली दिली आणि आडोशाला जाऊन यायला सांगितलं, तेव्हा तो जरा चपापला, पण गेला. डॉक्टरांनी नळीत निळं पाणी घेतलं, बाटलीतले चार थेंब त्यात सोडले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखं लाल.

"ही साखर," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या अंगातून वाहून चाललीय. तहान फार लागते? रात्री सारखं उठावं लागतं?"

"लागती की," जोतीराम म्हणाला. "आता ऊन हाय म्हनून…"

"ऊन कुठलं, थंडी पडायला लागलीय. आणि हा पायाचा अंगठा कधी दुखावला?"

जोतीरामाने खाली पाहिलं. नव्या वहाणेने अंगठ्याला लागलं होतं, ते त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

डॉक्टर साधे, बारीक चणीचे, सतत थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. ते बारामतीला बसत आणि बाजाराच्या दिवशी असे गावोगाव हिंडत. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. गूळ बंद, तूप नावापुरतं, भाकरी मोजून, आणि रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं. अंगाचा भार उतरला नाही तर पायाची जखम भरणार नाही.

"गंमत बघा," ते म्हणाले. "सकाळपासून या काट्यावर चढलेल्या बहुतेकांना मी दूध प्या, डाळ खा म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या घरी दोन्ही नाही. मला नेमलंय तेच मुळी रोडावलेली माणसं शोधायला. पण पाटाच्या काठच्या गावांतून तुमच्यासारखे भेटतात, दर वर्षी जास्त भेटतात. वरच्या साहेबांच्या कानावर घातलं तर ते हसले. म्हणाले, अर्धपोटी देशात लठ्ठपणाची साथ एकट्या तुम्हालाच दिसतेय."

यातलं जोतीरामाला थोडं कळलं, आणि प्रयागबाईला एवढंच कळलं की हा माणूस तिच्या नवऱ्याला वाळवायला निघाला आहे.

डॉक्टर चिकट निघाले. पंधरवड्यात ते अंथुर्ण्याला आले आणि भैरोबाच्या पारावर गाव जमवून त्यांनी हेच सगळ्यांना सांगितलं. ज्याची मोट सुटली त्याने पायी हिंडावं, आणि घरचा गूळ आहे म्हणून येता-जाता तोंडात टाकू नये. लोकांनी ऐकून घेतलं. धोंडाबाईला मात्र राहवलं नाही.

"सायब, म्या परकरी पोर व्हती तवा छप्पनच्या दुष्काळात लिंबाचा पाला शिजवून खाल्लाय," ती म्हणाली. "दोन घास मिळावं म्हनून जन्मभर देवाला साकडं घातलं. आता कुटं मिळाय लागलं, तर तुमी म्हनता कमी खा."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. "आजी, तुमचं बरोबर आहे," ते मग म्हणाले. "म्हणून तर मला हे सांगताना जड जातं."

जोतीराम तसा समजूतदार गडी. त्याने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन तो लासुर्ण्याच्या रस्त्याने चालायला लागला, ताटातला गूळ बाजूला सारायला लागला. तोंड कसनुसं व्हायचं बिचाऱ्याचं, पण सारायचा. आणि प्रयागबाईचा जीव टांगणीला लागला. चैत्र पाच महिन्यांवर आला होता. यंदा तुला करायचीच असं तिने ठरवलं होतं, आणि यंदाच हा माणूस कमी व्हायला लागला. आधीच नवस एवढा थकलेला. त्यात देवाला माप कमी पडलं तर? ज्याने ताप उतरवला त्याला तो परत चढवता येत नाही का? अंगठ्याची जखम म्हणजे देवाने दिलेली ताकीद आहे, याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नाही.

तेव्हा तिने जे केलं ते नवऱ्याच्या जिवासाठीच केलं, हे विसरू नका. भाकरीचं पीठ ती गुळाच्या पाण्यात मळू लागली. आमटीत वरून दिसणार नाही असं तूप खाली सोडू लागली. भाकऱ्या दोनच वाढायची, पण एकेक भाकरी थापायची अशी की तव्यावर मावू नये.

"भाकर गोड लागतीया," जोतीराम एकदा म्हणाला.

"नवा जोंधळा हाय," ती म्हणाली, आणि तिने मान वर केली नाही.

तिकडे अंगठा पिकला. आधी लाल होता, मग निळसर झाला, मग त्याला वास यायला लागला. एका सकाळी जोतीरामाला वहाणच घालता येईना. सोनबाने बैलगाडीने दोघांना मोटारीच्या थांब्यावर सोडलं आणि ती बारामतीला डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा निळं पाणी, पुन्हा दिवा. पाणी तंबूतल्यापेक्षाही लाल झालं.

"काय खाता?"

"दोन भाकरी, सायब. देवाशपथ. गुळाला शिवलो न्हाय."

"मग हे काय?" डॉक्टरांनी नळी त्याच्यापुढे धरली. त्यांना राग आला होता, आणि तो ते लपवू शकले नाहीत. "मी तुमचा शत्रू नाही हो. मला खोटं सांगून तुमचं काय भलं होणार?"

जोतीरामाला आयुष्यात कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. तो नुसता मान खाली घालून बसला, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहिल्यावर प्रयागबाईला दाराशी उभं राहवलं नाही.

"त्येंनी न्हाय," ती म्हणाली. "म्या घातला गूळ. पिठात कालवून घातला."

मग तिने सगळं सांगितलं. ताप, नवस, हाडं तोलायची नाहीत म्हणून लांबवलेली तुला, येणारा चैत्र. बोलता बोलता ती भिंतीला टेकून खाली बसली. जोतीराम तिच्याकडे बघतच राहिला. नवस त्याला माहीत होता. त्या नवसाखाली ती इतकी वर्षं काय काय करत होती ते आज कळत होतं.

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं. ते उठले, मडक्यातलं पाणी तिला दिलं आणि समोर स्टूल ओढून बसले.

"प्रयागबाई, देव किती मागतो ते मला कळत नाही," ते म्हणाले. "मला पायाचं कळतं. हे असंच चाललं तर चैत्राच्या आत हा पाय कापावा लागेल. आधी घोट्याखाली, मग गुडघ्याखाली. आख्खा पाय गेल्यावर पारड्यात बसवाल ना यांना, तेव्हा तेवढा गूळ देवाला कमीच पडेल की."

प्रयागबाईने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस ती देवाचं माप भरत होती आणि त्याच हाताने पाय तोडत होती. तिथे दवाखान्यात, परक्या माणसासमोर ती ढसाढसा रडली.

"आता उठा," डॉक्टर थोड्या वेळाने म्हणाले. "तुम्हीही या काट्यावर उभ्या राहा."

"मला काय झालंय?"

"बघू या की."

ती चढली. कंपाउंडरने दांडीवरचं वजन मागे सरकवलं, आणखी मागे सरकवलं. डॉक्टरांनी आकडा बघितला, तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. "एका घरात, एकाच चुलीवर," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, आणि मग तिला म्हणाले, "यांच्या ताटातून जे काढाल ते तुम्ही खायचं. फेकायचं नाही, उद्याला ठेवायचं नाही. तुम्ही खायचं. हे औषध म्हणून सांगतोय."

त्यांनी जोतीरामाला दवाखान्यात ठेवून घेतलं, सुया दिल्या, अंगठ्यातला घाण भाग कापून काढला. तो घरी आला तेव्हा अंगठा अर्धाच होता, पण पाय जागेवर होता.

त्यानंतरचे दिवस प्रयागबाईला फार जड गेले. भाकरी पातळ थापायची, मेथीची नाहीतर पावट्याची कोरडी भाजी, ताकाचं भांडं, बस. जोतीराम ताट चाटून पुसून बसायचा आणि टोपल्याकडे बघायचा. ती टोपलं पाठीमागे सारायची आणि चुलीकडे तोंड करायची. मागणाऱ्या नवऱ्याला नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आता रोज दोन वेळा जमवावं लागत होतं. जखम भरल्यावर तो पुन्हा चालू लागला. आधी चारीपर्यंत, मग लासुर्ण्याच्या शिवेपर्यंत. त्याचा सदरा ढिला झाला. गळ्याखालची कातडी लोंबली. पहाटे तो पाठमोरा चालायला लागला की तिला भावाची आठवण यायची, आणि ती पदर डोळ्यांना लावून उंबऱ्यात उभी राहायची. डॉक्टरांनी सांगितलेलं तिचं स्वतःचं औषध मात्र ती दोन घासांच्या पुढे घेऊ शकली नाही.

गावाला तोंड होतंच. जोतीराम उतरला हे सगळ्यांना दिसत होतं, का उतरला हे कुणाला बघायचं नव्हतं. विहिरीवर बायका कुजबुजायला लागल्या की जत्रा तोंडावर आली म्हणून प्रयागबाईने नवऱ्याला वाळवायला घेतलंय, देवाचा गूळ वाचवतीय. धोंडाबाईने तर घरी येऊन ऐकवलं.

"आधी हाडं तोलाय निघालीवतीस, आता मास उतरवून तोलतीस. भैरोबा आंधळा हाय व्हय गं?"

"आत्याबाई, त्येंचा पाय जात व्हता," प्रयागबाई म्हणाली.

"पाय जातोय म्हनून कुनी अन्न तोडतं का?"

प्रयागबाईच्या स्वतःच्या मनातही अर्धी धोंडाबाई बसलेली होती. नवरा वाचतोय हे तिला दिसत होतं, त्याची तहान गेली होती, रात्री तो गाढ झोपत होता. पण भैरोबाला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न सुटत नव्हता. शेवटी तिने तिच्यापुरता तोडगा काढला. इंदापूरच्या तंबूतला आकडा तिला पाठ होताच. सोनबाने त्या पौंडांचे शेर करून घेतले, आणि तेवढ्या भाराच्या ढेपा तिने गुऱ्हाळातून निवडून बाजूला काढल्या. माणूस कमी झाला तरी गूळ कमी होऊ द्यायचा नाही.

जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या लिंबाला मिरच्या तोलायचा मोठा ताजवा टांगला. साखळदंड, दोन बाजूंना फळ्यांची पारडी. तात्याबा गुरवाने दोन्ही पारड्यांना हळदकुंकू वाहिलं. एका पारड्यात जोतीराम मांडी घालून बसला, डोक्याला नवा पटका, अंगात तो ढगळ सदरा. दुसऱ्या पारड्यात सोनबा ढेपा रचू लागला. सगळं गाव गोळा झालं होतं. डॉक्टरही आले होते. त्यांनी देवीची लस टोचायला पाराच्या कडेला टेबल मांडलं होतं, पण तिथे कुणीच नव्हतं, सगळे इकडे.

ढेपा संपायच्या आतच जोतीरामाचं पारडं उचललं. सोनबा रचत राहिला. पारडं आणखी वर गेलं, आणि शेवटची ढेप पडली तेव्हा गूळ जमिनीला टेकला होता आणि जोतीराम हवेत साखळी धरून लोंबकळत होता.

लोक हसले. "गेला की रं वाऱ्यावर," कुणीतरी म्हणालं. जोतीरामही ओशाळं हसला.

"ढेपा उतरव, सोनबा," तात्याबा म्हणाला. "दोनी पारडी सारखी झाल्याबगर नवस फिटत न्हाय."

सोनबाने एक ढेप उचलली. धोंडाबाई पुढेच बसली होती. ती फक्त "बघा," एवढंच म्हणाली, आणि बायकांच्या घोळक्यात त्या एका शब्दाचं जे काय झालं ते प्रयागबाईच्या कानांवर आलं. देवापुढे आणलेला गूळ परत चालला होता. सगळ्या गावादेखत.

"ठेव ती ढेप," ती म्हणाली.

"आगं, पर पारडं…" तात्याबा म्हणाला.

"गूळ उतरायचा न्हाय. देवाला जेवढा सांगितला तेवढा आणलाय." सोनबाचा हात धरून तिने ढेप परत पारड्यात ठेवायला लावली. "त्येंचं जेवढं कमी झालंय ते माज्या हातानं झालंय. ते म्या भरती."

आणि कुणाला काही कळायच्या आत तिने पदर खोचला. जोतीरामाचं पारडं तिच्या छातीइतकं वर होतं. तिने दोन्ही हातांनी फळी धरून खाली ओढली, साखळी पकडली, पाय वर घेतला आणि ती आत चढून त्याच्या शेजारी बसली. अंथुर्ण्यात बायकोने नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायची पद्धत नव्हती. तिथे ही त्याच्या मांडीला मांडी लावून पारड्यात बसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. धोंडाबाईसुद्धा उठून उभी राहिली.

पारडं खाली आलं. सारखं होईल असं तिला वाटलं होतं, पण ते थांबलंच नाही. गुळाला मागे टाकून ते सरळ जमिनीवर टेकलं, आणि गूळ वर गेला. आता गूळच कमी पडत होता. प्रयागबाई घाबरली. एवढी वाळकी काटकी ती, डॉक्टरांनी जिच्यासाठी वजन मागे मागे सरकवलं ती, तिचाही भार होता हे तिच्या हिशेबातच नव्हतं. ती उतरायला म्हणून उठू लागली.

जोतीरामाने तिचं मनगट धरलं. पारड्यात जागा थोडी, त्यामुळे तिचा खांदा त्याच्या दंडाला टोचत होता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढ्या उजेडात ती त्याच्या इतकी जवळ कधी बसली नव्हती. त्याने त्या हाडाकडे पाहिलं, हातातल्या मनगटाकडे पाहिलं. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याने तेव्हा ऐकलं होतं, पण त्याला ते कळलं आत्ता.

"तू जेवतीस तरी का गं?" तो हळूच म्हणाला.

तिने मनगट सोडवून घ्यायला पाहिलं.

"बस," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं लेकाला म्हणाला, "सोनबा, गाडी जुप. गुऱ्हाळातनं आणखी ढेपा आण."

"जोतीराम, नवस तुज्या भाराचा हाय," तात्याबा म्हणाला. "हिच्या भाराचा कुनी बोललं न्हवतं."

"न्हाई ना बोललं कुनी," जोतीराम म्हणाला. "तिनं बोललेला ह्यो फिटला. आता म्या बोलतोय. हिच्या अंगाला अन्न लागू दे, म्हनून हिच्या भाराचा गूळ. आन फुडल्या चैतात हिला एकटीला बसवीन. तवा ह्या येळेपरीस जादा भरली पायजे. कसं काय, डॉक्टर?"

पाराच्या कडेला डॉक्टर हातात टोचायची सुई घेऊन उभे होते. त्यांना हसू आलं, आणि हसताना चष्मा पुसावा लागला. "चालेल," ते म्हणाले.

गाडी येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली. ऊन वर आलं. तात्याबाने कुणालाही न विचारता देवाच्या प्रसादातला केळ्याचा फणा आणून पारड्यात ठेवला. जोतीरामाने एक केळं सोललं आणि तिच्यापुढे धरलं. सगळं गाव बघत होतं. तिने आधी गावाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिथेच, नवऱ्याच्या आधी, तिने ते खाल्लं. धोंडाबाईने नाक मुरडलं आणि दुसरं केळं स्वतः सोलून तिच्या हातात दिलं.

मग गाडी आली, सोनबाने ढेपा चढवल्या, आणि पारडं जमिनीवरून सुटलं. तेव्हा प्रयागबाईने घाबरून नवऱ्याचा दंड घट्ट धरला, आणि दोन्ही पारडी सारखी झाली तरी सोडला नाही.